गव्हाशिवाय भरलेलं ताट

डॉक्टरांनी ‘गहू पूर्ण बंद’ असं सांगितलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘मग आता खायचं काय?’ पोळी गेली, ब्रेड-बिस्किटं गेली, रव्याचा उपमा आणि शिरा गेला, शेवया गेल्या. मग कुणीतरी शहरातल्या दुकानातून ‘ग्लूटेन-फ्री’ असं छापलेलं पिठाचं पाकीट आणतं. ते महाग असतं आणि त्याच्या पोळ्या निवल्या की वातड होतात. थोडे दिवस हा प्रयोग चालतो आणि घरातलं ते माणूस शेवटी दोन्ही वेळच्या वरण-भातावर येऊन थांबतं. वजन वाढत नाही, जेवणाची गोडी जाते, आणि आपण आजारी आहोत हे प्रत्येक घासाला आठवत राहतं.

यात सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते, असं माझं ठाम मत आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत दोन-तीन पिढ्यांमागे रोजची पोळी नव्हतीच. देशावर ज्वारी आणि बाजरी, कोकणात तांदूळ, डोंगरपट्ट्यात नाचणी आणि वरई. गहू निघायचा तो सणाला किंवा पाहुणा आला म्हणून. हरितक्रांतीनंतर गहू मुबलक झाला, रेशनवर मिळू लागला आणि पोळी रोजची झाली. त्यामुळे गव्हाची नक्कल करणारं पीठ धुंडाळण्यात अर्थ नाही. गव्हाचा ज्यांच्याशी कधी संबंधच नव्हता अशा पदार्थांनी आपलं ताट पूर्वीपासून भरलेलं आहे. ते नीट शिकून घ्यावेत आणि त्यांत गहू चोरवाटेने कुठून शिरतो ते ओळखावं, एवढंच करायचं आहे.

आधी आजाराबद्दल थोडं. गव्हात ग्लायडिन आणि ग्लूटेनिन ही प्रथिनं असतात. पाणी घालून कणीक मळली की त्यांचं मिळून ग्लूटेन तयार होतं. जव आणि राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिनं असतात. सीलिॲक आजार असलेल्या माणसाच्या शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा या प्रथिनांमुळे चवताळते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारी आतड्याच्या आतली बारीक लव त्यामुळे सपाट होत जाते. मग जुलाब, पोट फुगणं, मुलांची वाढ खुंटणं, गोळ्या घेऊनही न सुधारणारा पंडुरोग, ठिसूळ हाडं अशी लक्षणं दिसू लागतात. काहींना तर पोटाची तक्रार जवळजवळ नसतेच, त्यामुळे निदान वर्षानुवर्षं लांबतं. उत्तर भारतात शंभरात साधारण एकाला हा आजार असतो. दक्षिणेत हे प्रमाण बरंच कमी आढळतं.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध सिद्ध केला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, लोक ट्युलिपचे कंदसुद्धा खाऊ लागले. एरवी सगळी मुलं खंगत असताना त्याच्याकडची सीलिॲकची मुलं मात्र सुधारू लागली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५०मध्ये त्याने यावरचा प्रबंध प्रसिद्ध केला. या आजारावर आजही रोजच्या वापरातलं औषध नाही. आहार हाच उपचार आहे आणि तो जन्मभराचा आहे.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. शंका आली म्हणून परस्पर गहू बंद करू नका. रक्ताची तपासणी आणि गरज पडल्यास आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, या दोन्ही वेळी माणूस गहू खात असावा लागतो. आधीच गहू सोडला तर आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही आणि पुढे सगळाच घोळ होतो.

आता चुलीकडे वळू.

गव्हाची पोळी लाटता येते ती ग्लूटेनच्या जाळ्यामुळे. ते जाळं ताणलं जातं, तुटत नाही. ज्वारीत हे जाळं नाही, म्हणून ज्वारीची कणीक ताणली की भेगाळते. मग भाकरीला धरून कोण ठेवतं? गरम पाणी. ज्वारीचा स्टार्च साधारण ७० अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगतो आणि चिकट होतो. परातीत पीठ घेऊन मध्ये खळगा करायचा, त्यात उकळतं पाणी घालायचं, उलथन्याने कालवून दोन मिनिटं झाकून ठेवायचं आणि हाताला सोसेल एवढं झालं की तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं. इथे घाई करायची नाही. एका भाकरीपुरताच गोळा तोडून घ्यावा, पाण्याचा हात लावत तो लोण्यासारखा मऊ होईपर्यंत मळावा आणि लगेच थापावा. पाचसहा भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवलं की शेवटची भाकरी चिरते. नवशिक्यांची भाकरी बिघडते ती बहुतेक वेळा इथेच, आणि दोष मात्र ज्वारीला दिला जातो.

थापताना परातीत कोरडं पीठ पसरून गोळा त्यावर ठेवायचा. एका हाताने थापत भाकरी फिरवायची आणि दुसऱ्या हाताने कड सांभाळायची. तवा चांगला तापलेला हवा. भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा. त्याने वरचं कोरडं पीठ मुरतं, पृष्ठभाग चिरत नाही आणि पुढे पापुद्रा सुटायला मदत होते. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, अशा वेळी भाकरी उलटायची. फार थांबलं तर भेगा पडतात, घाई केली तर तव्याला चिकटते. दुसरी बाजू खरपूस झाली की भाकरी थेट जाळावर. आतल्या पाण्याची वाफ दोन्ही थरांमध्ये अडकते आणि भाकरी टम्म फुगते. अगदीच जमत नसेल तर दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून हलक्या हाताने लाटावी. त्यात कमीपणा काही नाही. खाणाऱ्याला गरम भाकरी मिळाली म्हणजे झालं.

पीठ ताजं हवं. जुन्या पिठाची विरी जाते आणि मग कितीही गरम पाणी घाला, कितीही मळा, भाकरी थापताना तुटते. बाजरीची अडचण आणखी वेगळी आहे. तिच्यात गव्हाच्या दुपटीहून जास्त स्निग्धांश असतो, त्यामुळे पीठ लवकर कडवट होतं. बाजरी आठवड्यापुरतीच दळावी. धान्य घ्यायचं तर रब्बीची मालदांडी ज्वारी घ्यावी. मंगळवेढ्याच्या याच ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिची भाकरी पांढरी, गोडसर आणि मऊ होते.

पण नुसत्या भाकरीने ताट भरत नाही. पोट भरल्याचं समाधान धान्य, कडधान्य आणि स्निग्ध पदार्थ एकत्र आल्यावर मिळतं. ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते डाळी आणि कडधान्यांत भरपूर असतं. आपल्या जुन्या जोड्या बघा: भाकरी आणि पिठलं, बाजरी आणि मटकीची उसळ, नाचणी आणि कुळथाची पिठी, भात आणि आमटी. वर कच्चं तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी किंवा लोण्याचा गोळा. खानदेशात तर जोडी पिठातच जमवलेली असते. ज्वारीच्या साधारण पाव हिश्शाइतके अख्खे काळे उडीद आणि मीठ एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो आणि ती ज्वारीच्या भाकरीपेक्षा थापायला सोपी जाते. सोबत भाजलेल्या वांग्याचं भरीत, ठेचा आणि कांदा. एवढं जेवलेला माणूस रात्रीपर्यंत काही मागत नाही.

जुन्नर-आंबेगावकडची मासवडी मला या आहारातला सगळ्यात समाधानाचा पदार्थ वाटतो. मिरची-लसणाच्या फोडणीत पाणी उकळून त्यात बेसन घोटायचं, अगदी घट्ट गोळा होईपर्यंत. ओल्या फडक्यावर तो गरम असतानाच थापायचा. आत भाजलेले तीळ, सुकं खोबरं, तळलेला कांदा, लसूण आणि कोथिंबीर यांचं खमंग सारण. फडक्याच्या मदतीने गुंडाळी करून, कडा दाबून, वड्या कापायच्या. बरोबर काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. या सगळ्यात गव्हाचा कणही लागत नाही आणि पाहुण्यांना वाढलं तर ‘पथ्याचं जेवण’ आहे हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मराठवाड्यातल्या कण्या याच्या अगदी उलट, साध्या. ज्वारी जाडसर भरडायची, पाखडून कोंडा काढायचा, मीठ घालून पाण्यात मऊ शिजवायची आणि गार झाल्यावर ताकात कालवून खायची. उपम्याची आठवण येत असेल तर याच कण्या मोहरी, कढीपत्ता, कांदा आणि दाणे घालून फोडणीला टाका. आदल्या रात्री भिजवून ठेवल्या तर सकाळी झटपट होतात. कोकणात सकाळच्या न्याहारीचा प्रश्नच नाही. घावणे, आंबोळ्या, पानगी, तांदळाची उकड, सगळं तांदळाचंच. नाचणीला मात्र इथे खास मान द्यायला हवा. आतड्याला इजा झाल्यामुळे या रुग्णांची हाडं कमकुवत झालेली असतात आणि १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हाच्या कितीतरी पट. ताकातली नाचणीची आंबील उन्हाळ्यात रोज प्यावी, हिवाळ्यात तुपातले लाडू करावेत.

आणखी एक फळी प्रत्येक मराठी घरात तयार असते, ती उपवासाची. वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, यांतल्या कशातच ग्लूटेन नाही. शिवाय उपवासाच्या स्वयंपाकात बहुतेक घरी हिंग वापरत नाहीत. हा केवढा फायदा आहे ते पुढे कळेल. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्याच्यावर रोज विसंबू नये. वरईचा भात आणि दाण्याची आमटी मात्र पूर्ण जेवण आहे. भाजलेले दाणे, हिरवी मिरची, जिरे बारीक वाटून पाण्यात उकळायचे, आमसूल, गूळ आणि मीठ घालायचं. राजगिऱ्याच्या पिठात उकडलेला बटाटा मळून पुऱ्या केल्या तर त्या लाटताही येतात आणि मुलांच्या डब्यातही जातात.

आता चोरवाटा. सगळ्यात मोठी वाट हिंगाच्या डबीतून जाते. खडा हिंग फार उग्र असतो. बाजारात मिळणारी हिंग पूड डिंक आणि पीठ मिसळून सौम्य केलेली असते आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबीवरचे बारीक अक्षरातले घटक वाचले की दिसतं. पोळी सोडून भाकरी खाणारा माणूस रोज दोन वेळा आमटीतून, भाजीतून, लोणच्यातून, पापडातून गहू खात राहतो आणि ‘पथ्य पाळूनही फरक नाही’ म्हणून हताश होतो. उपाय सोपा आहे. खडा हिंग आणून घरी कुटावा, किंवा तांदळाच्या पिठात तयार केलेला आणि ग्लूटेनमुक्त असा स्पष्ट उल्लेख असलेला घ्यावा.

मेतकूट हा दुसरा फसवा पदार्थ. आजाऱ्याला मऊ भात-मेतकूट देण्याची आपली पद्धत आहे आणि बहुतेक घरच्या मेतकुटात मूठभर गहू असतोच. मराठवाड्यातल्या येसरातही असतो. सातूचं पीठ गव्हाचं किंवा जवाचं असतं. कोंबडी-वड्याच्या पिठात आणि चकलीच्या भाजणीत काही घरी गहू घालतात. माल्ट घातलेली दुधातली पेयं जवापासून बनतात. खपली गव्हाबद्दल तर निक्षून सांगावं लागेल. सांगली-सातारा-कोल्हापूरकडचा हा जुना, चविष्ट गहू पचायला हलका असल्याचं म्हटलं जातं आणि ‘यात ग्लूटेन नसतं’ असं सांगून विकलाही जातो. तो गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे आणि सीलिॲकच्या रुग्णाला तो तितकाच घातक आहे.

थालीपिठाची भाजणी गव्हावाचून उत्तम होते. माझं प्रमाण असं: ज्वारी २ वाट्या, बाजरी २ वाट्या, तांदूळ १ वाटी, हरभरा डाळ १ वाटी, उडीद डाळ अर्धी वाटी, धणे पाव वाटी आणि जिरे १ मोठा चमचा. प्रत्येक धान्य वेगवेगळं, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं. उडीद डाळीमुळे पीठ मिळून येतं, तांदळामुळे थालीपीठ कुरकुरीत होतं, आणि गहू नसल्याचं चवीत जाणवत नाही. कांदा, कोथिंबीर, तिखट घालून कोमट पाण्यात भिजवा, तव्यावर थापा, भोकं पाडून सढळ हाताने तेल सोडा.

भाजणी घरी केली, पण दळली कुठे? गिरणीत त्याच पाट्यांवर दिवसभर गहू दळला जातो. ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या अन्नात एक किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असू नये, असा आपल्याकडचा आणि आंतरराष्ट्रीय निकष आहे. हिशेब केला तर किलोभर ज्वारीच्या पिठात सुमारे पाव ग्रॅम गव्हाचं पीठ मिसळलं की ही मर्यादा गाठली जाते. पाव ग्रॅम म्हणजे चिमटीतसुद्धा नीट धरता येणार नाही इतकं. आधीच्या गिऱ्हाइकाचं गिरणीत उरलेलं पीठ याच्या कितीतरी पट असतं. ‘आधी थोडे तांदूळ दळून काढा, मग माझी ज्वारी टाका’ असं सांगून धोका कमी होतो, संपत नाही. खरा उपाय घरघंटीचा. घरातले बाकीचे लोक गहू खात असतील तर त्यांचा गहू बाहेरच्या गिरणीत द्यावा आणि घरघंटी गव्हापासून कायम लांब ठेवावी. अनेक घरांत नेमकं उलट होतं. घरघंटी परवडत नसेल तर तांदूळ, नाचणी, डाळी मिक्सरवर थोड्या थोड्या दळता येतात. पीठ थोडं भरड राहतं, आंबोळीला आणि थालीपिठाला ते चालतं. दळण्याआधी धान्य निवडून घ्यावं, कारण दुकानातल्या ज्वारीत गव्हाचे दाणे सापडतात.

स्वयंपाकघरात परात, चाळणी, लाकडी पोळपाट-लाटणं आणि तवा या गोष्टी वेगळ्या असाव्यात. लाकडाच्या चिरांत आणि चाळणीच्या जाळीत बसलेलं पीठ धुऊन जात नाही. पोळ्यांच्या आधी भाकऱ्या कराव्यात. गव्हाच्या पुऱ्या तळलेल्या तेलात राजगिऱ्याच्या पुऱ्या तळू नयेत. सुरुवातीला हे जाचक वाटतं. पण घरच्यांनी मनावर घेतलं की महिन्याभरात सगळ्यांच्या हाताला ही सवय लागते.

सणांच्या बाबतीतही हातपाय गाळायचं कारण नाही. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी, मुगाची खिचडी आणि लोणी, हे सगळं निर्धोक आहे. अडचण दुसऱ्या दिवशीच्या गूळपोळीची, तिथे तिळाचे लाडू आहेत. ऋषिपंचमीची भाजी आणि वरईचा भात, गणपतीचे उकडीचे मोदक, नारळी भात, दिवाळीतले अनारसे आणि बेसनाचे लाडू, चंपाषष्ठीचा बाजरीचा रोडगा आणि भरीत, सगळं चालतं. लातूर-धाराशिवकडच्या वेळ अमावस्येला शेतात जेवणाऱ्याने गव्हाची खीर तेवढी सोडावी. भज्जी, आंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे पोटभर खावेत. पुरणपोळीची उणीव भासेल हे खरं आहे. वाटीत गरम पुरण, वर तूप आणि दूध, असं वाढून बघा.

सगळ्यात कठीण असतं ते दुसऱ्याच्या घरचं जेवण. ‘एका घासाने काय होतंय?’ असं म्हणणारी मावशी प्रेमानेच म्हणते, पण त्या एका घासाने आतड्याची सूज परत येते, कधी कधी बाहेर काही न दिसता. मुलाला हे स्वतः समजावून सांगता येत नाही, म्हणून ते मोठ्यांनी आधीच फोन करून सांगावं आणि संकोच करू नये. ज्यांच्या घरी असं मूल जेवायला येणार आहे त्यांना माझी विनंती एवढीच आहे: सत्यनारायणाच्या शिऱ्याऐवजी त्याच्या हातावर खडीसाखर किंवा केळं ठेवा, आग्रह करू नका, आणि त्या दिवशी आमटीची फोडणी हिंगाशिवाय करा.